बिनकल्हईचं भांडं

भुवनेश्वर
१८ नोव्हेंबर २०२४

मामा,

पत्राच्या डोक्यावर साष्टांग नमस्कार घातला की तू म्हणतोस, "आधी काम सांग, नमस्कार कुठे पळून जात नाही." म्हणून या वेळी नमस्कार शेवटी ठेवलाय.

तुझं दिवाळीचं पत्र आणि सोबतचा चिवडा, दोन्ही पोचलं. चिवडा प्रयोगशाळेत दहा मिनिटं टिकला, पत्र अजून आहे. इथे सगळे मला विचारतात, या दिवसांत मामाला पत्रं कसली लिहितेस? मी सांगते, माझा मामा पुण्यात तांबट आळीत पन्नास वर्षं तांब्याची भांडी ठोकतोय, त्यात त्याचे कान गेले, आणि फोनवर तो स्वतःचं बोलून झालं की ठेवून देतो. त्याच्या मुलाने, केदारदादाने, कानात घालायचं यंत्र आणून दिलं, तर ते त्याने देव्हाऱ्यात ठेवलं. मग पत्राशिवाय उरतं काय?

तू विचारलंयस की मी इथे नेमकं करते काय, कारण आळीत तू मला बेडकांची डॉक्टर म्हणून सांगतोस आणि लोक हसतात. मामा, मी बेडकांना बरं करत नाही. मी त्यांना जखम करते आणि ती भरताना बघत बसते.

बेडकाचं शेपटीवालं पिल्लू, बेडूकमासा, तू पाहिला असशील. त्याची शेपटी आरपार दिसते. आमचे बेडूकमासे खास वाढवलेले आहेत. ठरावीक प्रकाशात त्यांच्या रक्तवाहिन्या लाल दिसतात आणि जखमेवर धावून जाणाऱ्या पेशी हिरव्या. मी त्यांना औषधाने झोपवते, शेपटीच्या कडेला सुईने एवढीशी चीर देते, आणि मायक्रोस्कोपखाली दर दोन मिनिटांनी फोटो काढते. आधी हिरव्या पेशी येतात, आळीत कुणी घसरून पडलं की येतात तशा, चहूकडून. मग लाल वाहिन्यांना बारीक फांद्या फुटतात आणि त्या जखमेकडे सरकतात. मग हिरवी मंडळी आपापल्या घरी जातात आणि शेपटीवर वणसुद्धा राहत नाही. कोण कोणाला बोलावतं, हे मला शोधायचंय. त्यावर माझा प्रबंध आहे.

काल एक जखम बघताना तुझी आठवण आली. आई गेल्यावर मी तुझ्याकडे आले तेव्हा सहा वर्षांची होते आणि रोज कुठे ना कुठे पडायचे. तू गुडघ्यावर तांब्याच्या कळशीतलं शिळं पाणी ओतायचास आणि म्हणायचास, "तांब्याचं पाणी आहे, भरणारच." मी रडायची थांबायचे ते पाण्यामुळे नाही, तू फुंकर घालायचास म्हणून.

साखर तपासून घेतलीस का? चष्म्याचा नंबर बदलायचा होता, तो बदललास का? या दोन प्रश्नांची दोन वेगळी उत्तरं दे.

ठेवलेला नमस्कार घे.

तुझी,
स्पृहा


तांबट आळी, कसबा पेठ, पुणे
२९ नोव्हेंबर २०२४

चि. स्पृहास,

आशीर्वाद आधीच देऊन टाकतो. माझ्याकडे उधारी नसते.

साखर ठीक. डोळे ठीक. पाय ठीक. कान आहेत तिथेच आहेत.

तुझं पत्र दुकानाच्या फळीवर बसून दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते सर्जेरावाला मोठ्याने ऐकवण्यासाठी. तो म्हणाला, "जखम करायची आणि बघत बसायचं, याला सरकार पैसे देतं?" मी म्हटलं, तू चाळीस वर्षं लोकांच्या दाढ्या करताना तेच केलंस.

एक गोष्ट मला खटकली. तुझे बेडूकमासे प्लास्टिकच्या टपात राहतात, असं तू मागे लिहिलं होतंस. तांबटाच्या घरातली मुलगी आणि जीव ठेवते प्लास्टिकमध्ये. म्हणून एक भांडं केलंय. केदारचा मित्र पुष्कर ऑफिसच्या कामाने तुमच्या गावी येतोय, तो घेऊन येईल. पसरट आहे, काठ बाहेर वळवलाय, म्हणजे तुझ्या त्या पोरांना खरचटणार नाही. बाहेरून सगळं मठारलंय. हातोडीच्या खुणा बोट फिरवून बघ, एकसारख्या आहेत. कान गेले तरी दुसरा हात भांड्यावर असतो. ठोका नीट बसला की नाही, ते तळव्याला कळतं.

आतून कल्हई केलेली नाही. विसरलो असं समजू नकोस. कल्हई केली की पाण्याला तांबं लागत नाही, आणि मग तांब्याच्या भांड्याचा उपयोग काय. यात पाणी रात्रभर ठेव आणि सकाळी त्यांना सोड. बघ कशी भरतात जखमा.

हे भांडं करायला महिना लागला. एरवी चार दिवसांचं काम. हल्ली मांडी घालून फार वेळ बसत नाही, कंटाळा येतो. मंडईही उल्काकडे सोपवली. सूनबाई भाजी बरी निवडते, फक्त वांगी जून आणते.

मामा


भुवनेश्वर
१४ डिसेंबर २०२४
(हे पत्र पोस्टात पडलं नाही.)

मामा,

तुझ्या भांड्याने माझे बेडूकमासे मेले.

असं लिहायचं नव्हतं. पुन्हा लिहिते. भांडं आलं तेव्हा मी ते टेबलावर ठेवलं आणि दिवसभर त्यावरून बोट फिरवत होते. पाण्यासाठी नव्हतंच ते. तांबं बेडूकमाशांना विष आहे, हे मला माहीत आहे. पहिल्या वर्षी शिकवतात. इथे नळसुद्धा तांब्याचे चालत नाहीत.

पण परवा पाण्याची टाकी धुवायला काढली होती. दुसऱ्या दिवशीचं पाणी कशात तरी भरून ठेवायचं होतं आणि माझा हात सरळ तुझ्या भांड्याकडे गेला. मी विचारच केला नाही. आपल्या घरात चांगलं पाणी म्हणजे तांब्यातलं पाणी, वीस वर्षं तेच प्यायले, हाताला तेवढंच ठाऊक. सकाळी मी स्वतः ते पाणी टपात ओतलं. दुपारपर्यंत ते एका कुशीवर पडले. त्रेचाळीस होते. पाच महिन्यांचं काम होतं.

यात तुझी चूक काही नाही, माझी आहे. पण तू महिनाभर बसून केलेलं भांडं, आणि मी तुला लिहू की त्यात


भुवनेश्वर
१६ डिसेंबर २०२४

मामा,

नमस्कार शेवटी आहे, घाई करू नकोस.

भांडं पोचलं. इतकं देखणं आहे की प्रयोगशाळेतले सगळे येऊन हात लावून गेले. आमच्या मॅडमनी विचारलं, हे यंत्रावर केलंय का? मी म्हटलं, माझ्या मामाला यंत्र म्हणालात तर त्याला आवडेल.

माझ्या पोरांनाही ते मानवलंय. अगदी खरं सांगायचं तर, त्यातल्या पाण्यात जखमा एक दिवस आधी भरताना दिसतायत. मॅडमही चकित झाल्या.

मंडईचं काम उल्कावहिनीला दिलंस, हे वाचून फार बरं वाटलं. किती वर्षं सांगत होतो आम्ही, सगळं स्वतः करू नकोस. शेवटी ऐकलंस.

कामाचा ढीग पडलाय, म्हणून पत्र छोटं आहे. नमस्कार.

स्पृहा


कसबा पेठ, पुणे
२ जानेवारी २०२५

चि. स्पृहास आशीर्वाद.

तुझं पत्र छोटं होतं, पण त्यातली एक ओळ मला पुरली. एक दिवस आधी. आळीत सगळ्यांना सांगून झालंय. कालिकेच्या देवळात गेलो होतो, रिक्षाने, तिथे पुजाऱ्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, आमच्या आज्यालाही हे ठाऊक होतं. मी म्हटलं, ठाऊक असणं वेगळं आणि माझ्या भाचीने दुर्बिणीतून बघणं वेगळं.

पन्नास वर्षं भांडी केली. लोक घेतात आणि शोभेला ठेवतात. माझ्या हातच्या भांड्याने कुणाची जखम भरली, हे पहिल्यांदाच ऐकलं. हे ऐकायला तुझी मामी असायला हवी होती.

आता कामाचं. सर्जेरावाच्या पायाला जखम झालीय. अंगठ्याशेजारी, तळव्याला. त्यालाही साखर आहे. जखम फार मोठी नाही, पण भरायचं नाव घेत नाही. तो म्हणतो, तुझ्या भाचीला विचार. म्हणून विचारतो. तू तुझ्या पोरांना पाण्यात किती वेळ ठेवतेस? पाणी गार असतं की कोमट? आणि एक दिवस आधी म्हणजे एकूण किती दिवसांत? खुलासेवार लिही, सर्जेराव किचकट माणूस आहे.

मामा


भुवनेश्वर
१५ जानेवारी २०२५

मामा,

सर्जेरावकाकांना सांग की साखरेच्या माणसाने पायाची जखम घेऊन घरी बसायचं नाही, सरळ डॉक्टरकडे जायचं. त्यांना म्हणावं, न्हावी असून एवढं कळत नाही का?

बाकी, बेडूकमासे तर सगळा वेळ पाण्यातच असतात. पाणी बावीस-तेवीस अंश, म्हणजे माठातल्या पाण्यापेक्षा जरा कोमट. जखम तीन-चार दिवसांत भरते. पण मामा, बेडकाचं ते माणसाला लागू पडेलच असं नाही. भांड्याचं म्हणशील तर त्यावर अजून अभ्यास व्हायचाय. तू फार कुणाला सांगू नकोस.

इथे मी सगळं पहिल्यापासून करतेय. नवी अंडी, नवी पिल्लं. का ते कधीतरी सांगेन. काल मात्र एक गंमत दिसली. एका वाहिनीला फांदी फुटली, ती दुसऱ्या फांदीला जाऊन भिडली, आणि बराच वेळ आत काहीच नव्हतं, नुसती रिकामी नळी. मग एक रक्तपेशी आली, तोंडाशी अडकली, आणि एकदम पलीकडे गेली. तिच्यामागे दुसरी, तिसरी. मी खुर्चीवरून उठले आणि कुणाला तरी सांगायला गेले, तर खोलीत कुणीच नव्हतं. म्हणून तुला सांगते.

नमस्कार.

स्पृहा


पुणे
३० जानेवारी २०२५

प्रिय स्पृहा,

काल फोनवर मी नीट बोलू शकले नाही, केदारने फोन घेतला आणि तोही अर्धंच बोलला. म्हणून सगळं सलग लिहून मेल करतेय.

जखम सर्जेरावकाकांना नाही, बाबांना आहे. नोव्हेंबरपासून. तुझं ते भांडं करताना पत्र्याचं कात्रण डाव्या तळपायात घुसलं. साखरेमुळे तळव्याची जाणीव गेलेली, त्यांना कळलंच नाही. मोजा रक्ताने चिकटला तेव्हा कळलं. आम्हाला सांगितलं नाही. मी भाजी आणायला लागले तेव्हा मला वाटलं, चला, सासऱ्यांनी विश्वास टाकला. मीही तशीच.

तुझ्या डिसेंबरच्या पत्रानंतर ते दुकानाच्या मागच्या खोलीत रोज दोन-दोन तास जायचे. जुनं घंगाळ घासून त्यात पाणी भरून पाय बुडवून बसायचे. कल्हई नसलेलं घंगाळ, मुद्दाम. परवा मी चहा द्यायला गेले. पाण्याला वाफ येत होती. मी हात घातला आणि झटकन काढला, इतकं कढत. आणि बाबा त्यात पाय घालून तुझं पत्र वाचत बसले होते. म्हणाले, "स्पृहा म्हणते कोमट हवं." बाहेर काढला तर पाऊल भाजलेलं आणि दोन बोटं काळी पडलेली.

दवाखान्यात दाखल केलंय. डॉक्टर म्हणतात, पायाकडे जाणारी मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद आहे. उद्याच ती उघडून दोन बोटं काढली तर पाय वाचेल. आठवडाभर थांबलं तर गुडघ्याखालून जाईल. आणि बाबा सही करायला तयार नाहीत. म्हणतात, अजून आठ दिवस द्या, तांब्याच्या पाण्यात जखम एक दिवस आधी भरते, माझ्या भाचीने दुर्बिणीतून पाहिलंय. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं, डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. ते तुझं पत्र खिशातून काढून डॉक्टरांना वाचायला देतात.

तू येतेयस ते कळलं. पण उत्तर सकाळी हवंय आणि तू संध्याकाळी पोचशील. तुझ्या हाताने काहीतरी लिहून फोटो पाठव, केदार छापून आणेल. आमचं कुणाचं ते ऐकायचे नाहीत. ते तुझ्या अक्षरावरच विश्वास ठेवतात.

उल्का


भुवनेश्वर
३० जानेवारी २०२५

मामा,

आज आधी नमस्कार. कारण पुढचं वाचून तू तो घेशील की नाही, मला माहीत नाही.

मी तुला खोटं लिहिलं. तुझ्या भांड्यातल्या पाण्यात एकही जखम भरली नाही. त्या पाण्याने त्रेचाळीस बेडूकमासे एका दुपारी मेले. तांबं त्यांना विष असतं. तुला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं. मला माहीत होतं, तरी मी स्वतःच्या हाताने ते पाणी ओतलं, कारण तुझ्या घरात वाढलेल्या मुलीला तांब्यातलं पाणी वाईट असेल असं वाटतच नाही. हे सगळं मी तुला १४ डिसेंबरला लिहिलं होतं. ते पत्र अर्धवट आहे, ड्रॉवरमध्ये आहे. त्याचाही फोटो सोबत पाठवतेय. तारीख बघ.

मग तुला वाईट वाटू नये म्हणून मी दुसरं लिहिलं. "एक दिवस आधी" हे मी टेबलावर बसून रचलं, मामा. कुणी पाहिलेलं नाही. मॅडम चकित झाल्या नाहीत, त्या माझ्यावर रागावल्या होत्या.

तू नोव्हेंबरच्या पत्रात लिहिलं होतंस, साखर ठीक, डोळे ठीक, पाय ठीक. मी पायाचं विचारलंच नव्हतं. मी दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून असते आणि हे मला दिसलं नाही. देवळात रिक्षाने गेलास हेही दिसलं नाही. कालिकेचं देऊळ आपल्या दारातून दिसतं.

आता मी खरंच जे पाहिलंय ते सांगते, आणि यातला एक शब्दही रचलेला नाही. काही बेडूकमाशांमध्ये मी औषध देऊन नव्या रक्तवाहिन्या वाढू दिल्या नाहीत. बाकी सगळं तेच. हिरव्या पेशी नेहमीसारख्या धावत आल्या. येतच राहिल्या. जखमेच्या काठावर त्यांची गर्दी झाली, पण रक्ताला यायला वाटच नव्हती. एकही जखम भरली नाही. मी तीसच्या वर बघितल्या. पाणी कसलंही असो, गार असो की कोमट, रक्त पोचलं नाही तर भरत नाही. तुझ्या पायात ती वाट बंद झालीय आणि डॉक्टरांना ती उघडता येते.

तू आजवर माझं म्हणणं कधी तपासून बघितलं नाहीस. शाळेत पहिली आले म्हटलं की पेढे आणायचास, निकाल बघायचा नाहीस. याही वेळी तसंच कर. सही कर. दोन बोटं जातील. मी त्यांच्यासाठी आयुष्यभर रडेन, पण तू चालत दुकानात जाशील.

मी उद्या संध्याकाळी येतेय. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मी शेजारी बसेन.

स्पृहा


(त्या पत्राच्या छापील प्रतीच्या मागच्या बाजूला, पेन्सिलीने)

३१ जानेवारी, सकाळ

सही केली. भांडं फेकून दिलं नाहीस ना?

मामा


कसबा पेठ, पुणे
६ एप्रिल २०२५

चि. स्पृहास,

तू परत गेल्याला महिना होऊन गेला. हे पत्र लवकर लिहिणार होतो, पण लिहायचं ते दुकानाच्या फळीवर बसूनच, असं ठरवलं होतं. आज पहिल्यांदा बसलो. उल्का समोर स्टूल टाकून पहाऱ्याला बसलीय. माझ्या पायात तिने आणलेला बूट आहे, आतून मऊ, बाहेरून पोस्टमनसारखा. रोज तीच पाय धुते आणि आरशाने तळवा बघते. मी तिला म्हटलं, वांगी जून आणतेस असं मी स्पृहाला लिहिलं होतं. ती म्हणाली, मला माहीत आहे, पत्रं पेटीत टाकायला मीच नेते. आमच्या पाकिटांना डिंक फारसा नसतो, हे तूही लक्षात ठेव.

सर्जेराव माझ्याशी बोलत नाही. तू फोनवर उल्काला त्याच्या जखमेचं विचारलंस, उल्काने त्याच्या बायकोला, आणि आता अख्खी आळी त्याला पाय दाखव म्हणते. त्याला मी आयुष्यभर फुकट कल्हई करून देणार असं कबूल केलंय. विचार करतो म्हणाला.

दवाखान्यात तू दहा दिवस शेजारी बसलीस आणि आपण भांड्याविषयी एक शब्द बोललो नाही. पाटी हातात होती, तरी नाही. मला वाटलं तू बोलशील, तुला वाटलं असेल मी बोलेन. आपलं पत्रातच बरं जमतं. म्हणून आता लिहितो.

मला तुझा राग आला नाही. आला असता तर सोपं होतं. मला त्या त्रेचाळीसांचं वाईट वाटलं. तू पाच महिने सांभाळलेली पोरं माझ्या भांड्याने गेली, आणि त्याचं दुःख तू एकटीने केलंस, मामा खूश राहावा म्हणून. आणि मी पायाचं दुखणं लपवलं, ते भांडं करताना लागलं हे तुला कळू नये म्हणून. कळलं असतं तर तू ते भांडं कधी आवडीने हातात घेतलं नसतंस. बघ, दोघांनीही एकाच भांड्यासाठी थापा मारल्या. मी तुला वाढवलं ते चांगलं वाढवलं की वाईट, हे मला अजून ठरवता येत नाही.

"एक दिवस आधी" ही ओळ मी खरी मानली, कारण मला ती खरी हवी होती. तुझी थाप ओळखायला मला कधी वेळ लागत नाही. तू थाप मारताना "अगदी खरं सांगायचं तर" म्हणतेस, पाचवीत असल्यापासून. या वेळी ते शब्द मी वाचले आणि पुढे गेलो. तेव्हा सगळी चूक स्वतःकडे घेऊ नकोस. अर्धी माझी आहे.

आता एक तुला सांगायचं राहिलेलं. काल डॉक्टरांकडे तपासणीला गेलो होतो. त्यांच्याकडे पेन्सिलीएवढं एक यंत्र आहे, ते पायाला लावलं की रक्त वाहतं त्याचा आवाज डब्यातून येतो. जानेवारीत लावलं होतं तेव्हा केदार आणि उल्का नुसते एकमेकांकडे बघत होते, त्यावरून मी समजलो की आवाज येत नाहीये. काल लावलं आणि उल्काने तोंडावर पदर धरला. केदार हसत होता. डॉक्टरही मान हलवत होते. मी मध्ये बसलेलो, पाय माझा, रक्त माझं, आणि मला सोडून सगळ्यांना ऐकू येत होतं.

मग मी हात पुढे केला आणि तो डबा उचलून घेतला. डॉक्टर काही म्हणाले, मी लक्ष दिलं नाही. तळवा त्याच्या जाळीवर ठेवला. आणि लागलं, स्पृहा. ठोका, मग जरा थांबून ठोका. एकसारखे. चांगल्या हाताने मठारल्यासारखे. तू लिहिलं होतंस ना, रिकाम्या नळीतून पहिली पेशी पलीकडे गेली आणि सांगायला खोलीत कुणी नव्हतं. मला तेव्हा ते नीट कळलं नव्हतं. काल कळलं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मी सगळ्यांसमोर पुसलं. डब्यावरचा हात काढायला मला फार वेळ लागला, बाहेर पेशंट खोळंबले होते.

घरी येताना मी देव्हाऱ्यातलं कानाचं यंत्र काढून कानात घातलं. झुरळ शिरल्यासारखं वाटतं. पण उल्का किती बोलते ते आता कळलं.

भांडं परत पाठवू नकोस. त्यात पाणी भर आणि तू पी. तुझ्या पोरांना स्टीलचं भांडं घे, मला कमीपणा वाटणार नाही. प्रबंधासाठी जी नवी पिल्लं केलीस ती कशी आहेत, ते लिही. किती जगली ते लिही आणि किती मेली तेही लिही. यापुढे तू तुझे मेलेले मोजून कळवायचे आणि मी माझी बोटं मोजून कळवीन.

सध्या आठ.

मामा